टॉवेल कोणाच्या हातात

९ फेब्रुवारी

भिंगरी,

आमच्या गोदी कामगार संघटनेच्या कचेरीसमोरच्या भिंतीवर आज सकाळी तुझं पोस्टर लागलं. माझ्या खुर्चीत बसलं की नेमकं तेच दिसतं. तू मुठी वर करून उभी आहेस. ग्लोव्ह नाही, बोटांवर पट्टी नाही, आहे ती फक्त मनगटाला. आणि खाली ठळक अक्षरांत तेच नाव, जे बाबांनी तुझे पाय पाहून ठेवलं होतं. तीन वर्षं आम्हाला एक ओळ लिहिली नाहीस, आणि आता एकदम हातभर अक्षरांत आलीस.

गोदीचे लोक येता-जाता थांबून विचारत होते, "बाई, ही तुमचीच ना?" मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार?

मी बोलणारी बाई आहे, हे तुला माहीत आहे. फाटकावर उभी राहिले तर मला माइक लागत नाही. पण आज कोणाशी काही बोलवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बॉक्सिंगला मी खेळ मानते. बाबांच्या हॉलमध्ये लहानाची मोठी झाले म्हणून नव्हे, विचार करून मानते. मारामारीत माणसाला जे जे करता येतं त्यातलं बहुतेक सगळं बॉक्सिंगने वर्ज्य केलं. लाथ नाही, धरपकड नाही, पाठीवर वार नाही, कमरेखाली नाही. उरली फक्त मूठ, तीही गादीत गुंडाळलेली. कवितेला वृत्त असतं तसं हे आहे. बंधनातून जे निघतं त्याला आपण कला म्हणतो. पुढे तू पिंजऱ्यात गेलीस, त्या मिश्र लढतींत. तिथे सगळी दारं उघडी: लाथा, कोपरं, गुडघे, जमिनीवर लोळणं, गळा आवळणं. तेही मी गिळलं. म्हटलं, वृत्त सोडून मुक्तछंद लिहितेय. पण ही उघडी मूठ म्हणजे काय आहे? इतक्या शतकांत माणसाने स्वतःच्या हाताला जी लाज शिकवली, ती तिकीट विकून उतरवायची?

आता मुद्द्याचं. या लढतीला परवाना द्यायचा की नाही, यावर पुढच्या महिन्यात शहराच्या समितीपुढे सुनावणी आहे. विरोधात बोलायला मला बोलावलंय. मी हो म्हटलंय. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

बाबा बरे आहेत. खिडकीशी बसतात. ग्लोव्हखाली बांधायच्या पट्ट्या गुंडाळायला त्यांना आवडतं, मी नवीन आणून देते.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं उत्तर आलं. पाकीट केवढं आणि मजकूर केवढा. लहानपणीही तू अशीच होतीस, मी निबंध लिहायची आणि तू खाली एक शेरा मारून पळायचीस.

तू लिहितेस: "ताई, ग्लोव्ह डोकं वाचवत नाही, मूठ वाचवतो. मूठ वाचते म्हणून डोक्यावर मारत राहता येतं. उघड्या मुठीने कोणाच्या कपाळावर मारून बघ, तुझंच हाड जाईल. म्हणून आम्ही जपून मारतो. रक्त जास्त दिसतं, एवढंच. जे दिसत नाही त्याचं काय?"

तुझं म्हणणं खोडून काढायला मी वाचनालयात गेले. जुन्या लढतींबद्दल मिळेल ते वाचलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण तू म्हणतेस त्यात तथ्य निघालं. ग्लोव्ह येण्याआधी लोक छातीवर, बरगड्यांवर जास्त मारायचे. डोक्यावर मारणं हाताला परवडायचं नाही. ग्लोव्ह आला, सभ्य मंडळी खुर्च्यांवर येऊन बसली, आणि डोकं हे रोजचं लक्ष्य झालं. तुमच्या पिंजऱ्यातला छोटा ग्लोव्ह या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. बोटं मोकळी, मूठ अर्धवट झाकलेली. हे सगळं मान्य.

म्हणून काय? फाटलेली भुवई शिवता येते, मोडलेलं बोट बसवता येतं. पण नीट करता येतं म्हणून मोडायचा हक्क मिळतो का? हाच तर्क आमच्या गोदीचे मालक देतात. माणूस जायबंदी झाला की म्हणतात, डॉक्टर आहे ना! ज्या युक्तिवादाशी मी रोज भांडते, तो माझ्या बहिणीच्या तोंडी मला सोसवत नाही.

आणि तुझं ते शेवटचं वाक्य. त्यावर मी आज लिहीत नाही.

काल एक गंमत झाली. बाबांनी जेवणाच्या खुर्चीच्या पायाला पट्टी बांधली. तशीच, अंगठ्यापासून सुरुवात करतात तशी. मग मनगटाचे वेढे, मग बोटांच्या मधून. आणि वाकून खुर्चीला विचारलं, "घट्ट झाली का?" मी हसले. हसत हसत स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

वयाचं आहे. या वयात होतं असं.

ताई


६ मार्च

भिंगरी,

तुझ्या मागे तुझ्या हॉलमध्ये जाऊन आले. चोरून नव्हे, तुझ्या मास्तरीणबाईंना फोन करून. फक्त तू नसशील अशी वेळ मागून घेतली. ज्याच्या विरोधात बोलायचं ते आधी डोळ्यांनी बघावं, हा माझा नियम आहे, आणि बहिणीसाठी तो मोडायचं कारण नव्हतं.

बस डेपोच्या मागचं ते गोदाम, रबराचा आणि घामाचा वास, भिंतीला टेकवलेल्या गाद्या. आपल्या हॉलसारखंच आहे ग. फक्त मधोमध दोऱ्यांच्या जागी जाळी. एक आडदांड ट्रकवाला होता आणि त्याच्या निम्म्या वजनाची एक पोस्टातली कारकून. तिने त्याला खाली घेतलं, हात असा काही पिळला की मी खुर्चीवरून उठले. त्याने तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. तिने क्षणात सोडलं. आणि तो उठून काय म्हणाला असेल? "परत दाखव, मला कळलं नाही." दोघं हसत होती.

मास्तरीणबाई म्हणाल्या, हाच इथला पहिला धडा. मारणं नंतर, आधी थोपटायला शिकायचं. आता पुरे, हे आपणच सांगायचं. मग त्यांनी मला सांगितलं की तू तिथे पहिल्या दिवशी आलीस तेव्हा फी विचारली नाहीस, वेळ विचारली नाहीस. "इथे हार कोण ठरवतं?" एवढंच विचारलंस.

परत येताना बसमध्ये मला तो सामना दिसत राहिला. तू पुढे होतीस, सगळ्या हॉलला दिसत होतं. तुझी प्रतिस्पर्धी दोऱ्यांना टेकली होती. आणि आपल्या कोपऱ्यातून पांढरा टॉवेल उडत आत आला, हार कबूल असल्याची खूण. बाबांनी टाकलेला. मला वाटलं चुकून पडला. तुला काय वाटलं ते तू सगळ्यांसमोर सांगितलंस: "माझी हार तुम्ही कोण ठरवणारे?" आयुष्यभर बाबा मुलांना सांगत आले होते, "थांबायचं माझ्यावर सोड, तू फक्त लढ." आपल्या हॉलमध्ये थोपटायला कोणी शिकवलंच नाही. बॉक्सरने थांबायचं नसतं, त्याला थांबवायचं असतं. मला त्यात कायम एक प्रकारचा मोठेपणा दिसायचा. त्या गोदामात बसल्यावर पहिल्यांदा त्यातली दुसरी बाजू दिसली: लढणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

तरीही मी सुनावणीत बोलणार आहे. पिंजऱ्याविरुद्ध नाही, ते मी भाषणातून काढून टाकलंय. उघड्या मुठीविरुद्ध बोलणार. तिथे थोपटायची सोय नाही. तिथे पुन्हा टॉवेलच आहे, पंचाचे दहापर्यंतचे आकडे आहेत, आणि ग्लोव्हही नाही. दोन्ही खेळांतलं वाईट तेवढं तुम्ही निवडून घेतलंत, हा माझा मुद्दा आहे. उत्तर असेल तर समितीपुढे दे.

बाबांना मी बरोबर नेणार आहे, तेही एके काळचे बॉक्सर. जुना कोट इस्त्रीला दिलाय. हा खेळ माणसाला काय बनवतो, ते समितीने बघावं. ताठ पाठ, स्वच्छ बोलणं, कसबी हात. सकाळच्या वेळी ते छान असतात.

ताई


२१ मार्च

भिंगरी,

काल कॉरिडॉरमध्ये जे बोलता आलं नाही ते लिहिते. जे घडलं ते तू पाहिलंस, पण तू समोरच्या बाकावर होतीस आणि मी बाबांच्या शेजारी. दोन्हीकडून ते सारखं दिसलं नसणार.

ती चूक माझीच. समितीच्या अध्यक्षांनी, त्या दातांच्या डॉक्टरांनी, सहज विचारलं की ग्लोव्हच्या आत नक्की काय असतं. मी भाषणाच्या नादात म्हणाले, "वडील दाखवतील." त्या डॉक्टरांनी हौसेने हात पुढे केला. आणि बाबांनी काय सुंदर बांधली ती पट्टी! कारकुनांनी माना वर केल्या. एक सुरकुती नाही. "घट्ट झाली का?" डॉक्टर म्हणाले, "झकास." मी उठले, पहिलं वाक्य जिभेवर होतं.

आणि बाबांनी दुसरी गुंडाळी सोडली. पहिल्या पट्टीवरच, पुन्हा अंगठ्यापासून. "घट्ट झाली का?" डॉक्टर हसून हो म्हणाले. मग तिसरी. हात उशीएवढा झाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि मग कोणीच हसेना. मी हळूच म्हणाले, "बाबा, झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुला ती नजर तिथून दिसली नसेल. रस्त्यात धक्का लागलेल्या बाईकडे बघावं तशी. म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा बाई, सामना सुरू व्हायचाय."

मग तू आलीस. समोरचा बाक सोडून, सगळ्यांसमोरून चालत. डॉक्टरांचा हात बाजूला केलास आणि तिथे तुझा ठेवलास. तुझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बोटांवरून अंगठा फिरवला आणि मधल्या बोटापाशी थांबले. "ही मूठ इथे मोडली होती. नीट बसली नाही." आणि मला, त्या परक्या बाईला, खालच्या आवाजात सांगितलं, "हिच्यासाठी टॉवेल टाकू नका. ही रागावते."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचं निवेदन?" त्यांचा तो गाठोड्यासारखा हात टेबलावर तसाच होता. माझ्या हातात गादीत गुंडाळलेल्या मुठीच्या सभ्यतेवरचं भाषण होतं. मी एवढंच बोलू शकले: "माझ्या वडिलांनी जन्मात कधी उघड्या मुठीचा मार खाल्ला नाही." आणि बसले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान भाषण. त्याने तुला परवाना मिळवून दिला.

तू कॉरिडॉरमध्ये विचारलंस, "कधीपासून?" मी म्हणाले, तू गेलीस त्याच्या आधीपासून. तू भिंतीला टेकलीस, म्हणून पुढचं तिथे सांगितलं नाही. ते असं. मेंदूच्या डॉक्टरांकडे बाबा त्या टॉवेलच्या सामन्याच्या आधीच जाऊन आले होते, एकटे. डोक्यावरच्या माराचं आहे, वाढत जाईल, असं त्यांना सांगितलं होतं. तुला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, तिला कळलं तर ती दयेने परत येईल. आणि टॉवेलबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती जिंकत होती. पण ठोसा बसल्यावर तिची मान परत जागेवर यायला वेळ घेत होती. माझी घ्यायची तशी."

शपथ एक कारण होतं. दुसरं तुला न सांगताच कळलं असेल. "जे दिसत नाही त्याचं काय" असं तू लिहिलंस तेव्हा ते माझ्या समोर खुर्चीला पट्टी बांधत होतं, आणि मला वादात जिंकायचं होतं.

निघताना तू म्हणालीस, "माझ्या कोपऱ्यात या वेळी कोणी नाही. ये." त्याचं उत्तर आज देते. येईन. टॉवेल माझ्याकडे असेल, आणि तू सांगितल्याशिवाय मी तो टाकणार नाही. बाबांनी बजावलंय.

ताई


२ मे

भिंगरी,

प्लास्टरमधल्या हाताने लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. अक्षर आधीपेक्षा बरं आहे.

तू विचारतेस, मी एवढी गप्प का आहे. सांगते.

लढतीत काय झालं ते तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. भुवई फुटली, त्याचं मला काही वाटलं नाही, हे तुला खोटं वाटेल. रक्त बघायला मी तयार होऊन आले होते. मी बघत होते तुझी मान. ठोसा बसला की मी मनात म्हणायचे, आता जागेवर ये, आणि ती यायची. एकदा उशीर झाला. किती, ते मला ठाऊक नाही. कदाचित झालाही नसेल, कदाचित मी बाबांच्या डोळ्यांनी बघत होते. टॉवेल माझ्या मुठीत ओला झाला होता. मी तो टाकला नाही.

मग तुझी उजवी मूठ समोरच्या पोरीच्या कपाळावर बसली आणि आवाज आला. हाडाचा. तू म्हणाली होतीस तसाच, आपलंच हाड जातं. तू मागे सरकलीस, आपल्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलंस, आणि एक गुडघा खाली टेकलास. पंच आकडे म्हणत होता. तुला उठता आलं असतं. डावा हात शाबूत होता, श्वास होता, ती पोरगीही थकली होती. तू उठली नाहीस. आपल्या घरात थांबायचं स्वतः ठरवणारी तू पहिली. मला तिथल्या तिथे उभं राहून ओरडावंसं वाटलं, की बघा, हिला कोणी हरवलेलं नाही, ही थांबलेली आहे. सगळं भाषण माझ्या डोक्यात तयार होतं.

आणि इस्पितळात, भुवईला टाके घालत होते तेव्हा, मी ते भाषण तुला ऐकवलं. तू पूर्ण ऐकलंस. मग म्हणालीस, "ताई, तुझ्या तोंडापेक्षा टॉवेल बरा ग."

नर्स हसली. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य आत उतरलं होतं, आणि अजून तिथेच आहे. तू कोपऱ्याकडे बघितलंस तेव्हा तुला काय दिसलं? मी शब्द पाळला, हात आवरला, आणि तोंडावरच्या भीतीनेच तुझी हार ठरवली का? बाबांनी निदान सगळ्यांसमोर टाकला होता. तुला रागावता तरी आलं. माझ्यावर तू रागावूही शकत नाहीस, कारण मी काहीच केलं नाही. की तू खरंच स्वतःहून थांबलीस आणि मला चिडवायला तसं म्हणालीस? पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस. लिहू नकोस. जे लिहिशील ते मला खरं वाटणार नाही.

हात बरा झाला की पुन्हा उतरणार आहेस, हे वाचलं. पिंजऱ्यात की उघड्या मुठीने, ते तू मोघम ठेवलंयस. माझंही ऐकून ठेव. पावसाळ्यानंतर समिती पुन्हा बसणार आहे आणि या वेळी मी तिन्ही खेळांविरुद्ध बोलणार आहे. ग्लोव्हविरुद्ध सगळ्यात आधी. ज्या हॉलमध्ये थोपटायला शिकवत नाहीत त्या प्रत्येक हॉलचं दार मी वाजवणार आहे, आपल्या हॉलपासून सुरुवात करून. तू समोरच्या बाकावर येऊन बस आणि मला खोडून काढ. आणि तुझ्या कोपऱ्यातही मीच असेन. हे दोन्ही एकाच बाईला कसं जमायचं, ते मला विचारू नकोस. फक्त त्या वेळी माझ्याकडे पाठ करून लढ.

बाबांना मी तुझा फोटो दाखवला, प्लास्टरवाला. चेहरा त्यांना ओळखू आला नाही. हाताकडे मात्र बराच वेळ बघत होते. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कोणी बांधलंय हे? कामचुकार आहे. सोडा ते, मी बांधतो."

तेव्हापासून खिडकीशी गुंडाळी हातात धरून बसलेत. दर थोड्या वेळाने विचारतात, ती मूठ कुठे आहे. मी सांगते, वाटेत आहे.

ताई